आता या वयात कशाला?

चाळिशी ओलांडलेल्या माणसाने घरात सांगितले, की मला ऑटिझम आहे का हे तपासून घ्यायचे आहे, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘आता या वयात कशाला?’ भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादसारख्या वस्तीत तो प्रश्न अगदी स्वाभाविक वाटतो. नेहरूनगर, वैशालीनगर, भदभदा रस्ता यांच्या संगतीने वाढलेली ही नोकरदारांची वस्ती. इथल्या मराठी घरांत आयुष्याचा हिशेब सरळ आहे: शिक्षण झाले, नोकरी लागली, लग्न झाले, डोक्यावर छप्पर आले, म्हणजे माणसाचे निभावले. ज्याचे निभावले त्याला काही असेल, हे मनात येत नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या पोटात मायाच असते. उगीच नसते दुखणे मागे लावून घेऊ नकोस, असेच त्याला म्हणायचे असते. तरीही माझे मत उलट आहे. निभावून नेणे आणि बरे असणे यांत फार अंतर आहे. प्रौढ वयात निदान मागणारा माणूस आपल्या आजवरच्या आयुष्याचा खुलासा मागत असतो. तो खुलासा मिळण्याची मुदत मात्र दरवर्षी कमी होत जाते, कारण त्याला लागणारा पुरावा दुसऱ्यांच्या आठवणींत साठलेला असतो.

ऑटिझम ही लहान मुलांची गोष्ट, हा समज आपल्या मनात पक्का आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हापासून हे चित्र रुजले. त्या अकरांतला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिप्लेट. मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या गावात तो वाढला, पदवीधर झाला, बँकेत नोकरी करत राहिला, गोल्फ खेळला, देशोदेशी फिरला आणि २०२३ मध्ये, वयाच्या ८९ व्या वर्षी वारला. ज्या मुलापासून या निदानाचा इतिहास सुरू झाला असे मानतात, तो स्वतः सत्तर वर्षे प्रौढ होता. पण कॅनरचे वर्णन लागू पडायचे ते उशिरा बोलणाऱ्या, उघडपणे वेगळ्या दिसणाऱ्या मुलांना. वेळेवर बोलणारी, अभ्यासात चांगली, तरीही माणसांत अवघडणारी मुले व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांनी १९४४ मध्ये टिपली होती. ते जर्मन लेखन इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांपुढे ठळकपणे आले ते लोर्ना विंग यांच्या १९८१ च्या निबंधामुळे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत या मुलांसाठी वेगळे नाव आले १९९४ मध्ये, आणि २०१३ मध्ये सगळे प्रकार ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या एकाच नावाखाली आले. आता १९७५ साली जन्मलेला भोपाळचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. तो १९९३ च्या सुमारास बारावी झाला. त्याचे शालेय आयुष्य संपले तेव्हा त्याच्यासारख्यांचे नाव त्या पुस्तिकेत यायचे होते. आपला १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा सात प्रकार मानत होता; ऑटिझम त्यात नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारांच्या यादीत त्याला स्थान दिले. तेव्हा हा मुलगा एक्केचाळीस वर्षांचा होता. ‘लहानपणीच का नाही कळले?’ या प्रश्नाचे उत्तर या तारखांतच आहे.

असे किती जण असतील, याचा अंदाज बांधण्यापुरता पुरावा आहे. इंग्लंडमध्ये घरोघरी जाऊन केलेल्या प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. शंभरात साधारण एक प्रौढ ऑटिझमच्या निकषांत बसत होता, आणि त्या पाहणीत सापडलेल्यांपैकी एकालाही आधी निदान मिळालेले नव्हते. ही स्थिती सार्वजनिक आरोग्यसेवा सर्वांपर्यंत पोहोचलेल्या देशातली. भारतात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पलवल, कांगडा, ढेंकानाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद अशा पाच ठिकाणची दोन ते नऊ वर्षांची सुमारे चार हजार मुले तपासली गेली. तिथेही ऑटिझमचे प्रमाण शंभरात एकाच्या आसपासच निघाले. अठरावे वर्ष लागले म्हणून यांतले कुणी ऑटिस्टिक असायचे थांबणार नाही. मग या मुलांच्या आईवडिलांच्या पिढीतली तशी माणसे कुठे आहेत? २०११ च्या जनगणनेने अपंगत्वाची विभागणी आठ रकान्यांत केली, त्यांत ऑटिझमचा स्वतंत्र रकाना नव्हता. ती माणसे आपल्यातच आहेत आणि त्यांना आपण दुसऱ्याच नावांनी ओळखतो.

भोपाळच्या मराठी घरांत ती कशी झाकली गेली, हे समजून घेण्यासारखे आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्य प्रदेश राज्य झाले, भोपाळ राजधानी झाली आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडची नोकरदार मराठी कुटुंबे इथे येऊन स्थिरावली. सरकारी कचेरी ही अशा माणसाला मानवणारी जागा होती. येण्या-जाण्याची वेळ ठरलेली, टेबल ठरलेले, फाइलचा प्रवास नियमाने बांधलेला. कुणाशी किती बोलायचे तेही पदाने ठरवून दिलेले. जो माणूस नियमपुस्तक तोंडपाठ ठेवतो आणि चहाच्या टपरीवर कधी फिरकत नाही, त्याला साहेब ‘कामाचा माणूस’ म्हणतात. घरी आई त्याच्या ताटात भाजी पोळीला लागणार नाही अशी वाढते, बहीण त्याच्या वतीने पाहुण्यांशी बोलते, लग्न नातेवाईक जुळवतात. त्याच्या अडचणीचा भार दहा जणांनी न बोलता वाटून घेतलेला असतो. हा आधार मोलाचाच होता. पण तो तुटतो तेव्हा सगळे एकदम कोसळते. बढती होऊन हाताखाली वीस माणसे येतात, कार्यालय मोठ्या उघड्या दालनात हलते, आई जाते, मूल होते. आणि आजवर निभावलेल्या माणसाला अचानक काहीच निभावेनासे होते. २०१३ च्या निदानपुस्तिकेने ही शक्यता निकषांतच नमूद केली आहे: लक्षणे बालपणापासून असायला हवीत, पण परिस्थितीच्या मागण्या कुवतीपलीकडे जाईपर्यंत ती पूर्णपणे दिसणार नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांनी झाकलेली राहतील, असेही घडू शकते.

बायकांच्या बाबतीत हे झाकणे आणखी दाट असते. मुलग्यांचे आणि मुलींचे प्रमाण चारास एक असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षानुसार ते तिनास एकच्या जवळ आहे, आणि नेहमीच्या पद्धतीने निदान करताना मुली सुटून जातात. कारण समजायला अवघड नाही. मुलीला बसायचे कसे, हसायचे कधी, काकूंना काय विचारायचे, हे लहानपणापासून घोटवून शिकवले जाते. ज्या मुलीला माणसांचे संकेत आपसूक कळत नाहीत, ती ते पाठ करते. पुढे ती सून होते. हळदीकुंकवाला निघण्याआधी काय बोलायचे ते मनात दोनदा म्हणून घेते, समोरच्या बाईच्या डोळ्यांऐवजी कुंकवाकडे पाहत बोलते, हसायचे तिथे हसते. आणि घरी आल्यावर खोलीचे दार लावून अंधारात पडून राहते. घरातले म्हणतात, हिचे डोके दुखते. ही दमणूक कुणाच्या मोजमापात येत नाही, कारण तिचा अभिनय उत्तम वठलेला असतो.

तपासणीच्या खोलीत काय घडते, ते जवळून पाहिले की हा प्रश्न तातडीचा का आहे ते कळेल. ऑटिझमसाठी रक्ताची चाचणी नाही, मेंदूचा फोटो काढून तो दिसत नाही. अनुभवी मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ समोरच्या माणसाशी सविस्तर बोलतो, त्याचे निरीक्षण करतो आणि बालपणाची माहिती मागतो. बोलायला कधी लागला? आकाशातले विमान दाखवायला बोट करायचा का? खोटे-खोटे खेळायचा का? रोजचा रस्ता बदलला तर काय करायचा? उत्तर देणार कोण, तर पंचाहत्तरीची आई. ती म्हणते, ‘अगदी शहाणा होता हो, कधी म्हणून त्रास दिला नाही. कोपऱ्यात बसून आगगाडीचं टाइमटेबल वाचायचा.’ लेकाची बाजू राखायला ती हे सांगते, आणि नेमका पुरावा याच वाक्यात असतो. पुढचा प्रश्न ज्याला सुचतो त्याला कळते, की ते टाइमटेबल तो वर्षभर वाचत होता, स्वेटरची लोकर अंगाला लागली की किंचाळत होता, आणि घरात सहा भावंडे असूनही खेळात नव्हता. भोपाळमध्ये डॉक्टर विचारणार हिंदीत, आई आठवणार मराठीत, आणि मधे दुभाष्या म्हणून बसणार तोच, ज्याची तपासणी चालली आहे. त्यातून निसटते ते पुष्कळ. शाळेचे जुने प्रगतिपुस्तक सापडले आणि शेऱ्यात ‘पढ़ाई में अच्छा, पर किसी से बोलता नहीं’ असे लिहिलेले असले, तर त्या एका ओळीला मोठी किंमत येते. साक्षीदार नसला तर निदान होतच नाही असे नाही. पण ते कठीण आणि डळमळीत होते. दहा वर्षांनी ही आई असेल का, असली तर तिला आठवेल का, याची खात्री कोण देणार?

इथे एक गल्लत दूर करायला हवी. निदान आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र या दोन गोष्टी आहेत आणि आपल्या व्यवस्थेत त्या एकच समजल्या जातात. प्रमाणपत्रासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात चाळीस बाबी आहेत, प्रत्येकीला एक ते पाच गुण, म्हणजे एकूण चाळीस ते दोनशे. सत्तर किंवा अधिक गुण पडले की ऑटिझम मानला जातो. बाबी अशा: नजरेला नजर देत नाही, एकट्याने तोच तो खेळ खेळतो, ऐकलेले शब्द पोपटासारखे परत म्हणतो, आकांडतांडव करतो. लहान मुलासाठी हे रास्त आहे. पण कचेरीत वीस वर्षे काढलेला, नजर द्यायला शिकलेला, आकांडतांडव गिळायला शिकलेला माणूस या पट्टीवर सत्तरच्या खालीच राहण्याची शक्यता मोठी. चाळीस टक्क्यांची अट असलेले लाभ त्याला मिळणार नाहीत, हे समजू शकते. मात्र ‘प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणजे तुम्हाला काही नाही’ असे त्याला सांगणे चूक आहे. कोटऱ्यातल्या माणसाला संस्था दूर नाहीत. सगळे ज्याला बाराशे पन्नास म्हणतात ते जयप्रकाश जिल्हा रुग्णालय आहे, एम्स आहे, दिव्यांगांसाठी केंद्र सरकारचे समेकित क्षेत्रीय केंद्र आहे, शेजारच्या सीहोरला मानसिक आरोग्य पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. अडचण अशी, की ऑटिझम म्हटले की प्रत्येकाचे बोट मुलांच्या विभागाकडे वळते, आणि प्रौढ माणूस तिथे चुकून आल्यासारखा उभा राहतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की केवळ अपंगत्वाच्या टक्केवारीवरून उमेदवाराला अपात्र ठरवता येणार नाही, तो काय करू शकतो ते तपासा. टक्का म्हणजे माणूस नव्हे हे तत्त्व प्रवेशाला लागू होते, तसे ते समजून घेण्यालाही लागू व्हावे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप उपयोगाचा: औषध नाही, मग नाव कळून काय करायचे? ऑटिझम घालवणारे औषध नाही हे खरे, आणि ते घालवण्याचा हेतूही नसावा. पण निदान नसताना चुकीच्या दिशेने केलेल्या उपायांची किंमत मोजावी लागते. माणसांत राहून थकलेल्याला ‘लोकांत मिसळा’ हा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो पाळून तो अधिक थकतो आणि दोष स्वतःला देतो. केंब्रिजच्या एका चिकित्सालयात प्रौढ वयात निदान झालेल्या ३७४ जणांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश जणांच्या मनात कधी ना कधी आत्महत्येचा विचार येऊन गेला होता. हे आकडे मदत शोधत आलेल्यांचे आहेत, सगळ्यांचे नाहीत. तरी निदानाविना निभावण्याची किंमत काय असते ते त्यांतून दिसते. ज्याच्या मनात आज असा विचार असेल त्याने निदानाची वाट पाहू नये. टेली-मानस या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. निदानानंतर बदलते ते रोजचे जगणे. कानाला आवाज कमी करणारे साधन लावावे, सूचना तोंडी न घेता लेखी मागाव्यात, लग्नघरातून तासाभराने निघावे, आणि या गोष्टी अपराधी न वाटता कराव्यात. नवरा-बायकोतही फरक पडतो. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत एकाकडून दुसऱ्याकडे निरोप इतरांच्या साखळीइतकाच नीट पोहोचला. तो घसरला दोन्ही प्रकारची माणसे मिसळलेल्या साखळीत. म्हणजे बिघाड एकाच माणसात असतो असे नाही, तो दोघांच्या मधल्या जागेत असू शकतो. हे कळल्यावर ‘तुला माझी पर्वाच नाही’ हे जुने भांडण निराळ्या शब्दांत मांडता येते.

दुसरा आक्षेप असा, की थोडेफार तर सगळेच असे असतात, आणि हल्ली मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहून जो तो स्वतःला ऑटिस्टिक ठरवतो. यात तथ्य आहे. गोंगाट नकोसा वाटणे, एकटेपणा आवडणे हे गुण पुष्कळांत असतात. २००१ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी केलेली पन्नास प्रश्नांची प्रश्नावली कुणालाही भरता येते, पण ती चाळणी आहे, निर्णय नाही. निदानाला तीन गोष्टी लागतात: बालपणापासूनची सलग खूण, एकाहून अधिक ठिकाणी तिचा प्रत्यय, आणि जगण्यात खरीखुरी अडचण. व्हिडिओला ही छाननी जमत नाही, म्हणूनच जाणकाराकडे जायला हवे. तिथे उत्तर ‘नाही’ असेही येऊ शकते. अडचणीचे मूळ चिंताविकारात, लक्ष टिकवण्याच्या अडचणीत किंवा जुन्या आघातात निघू शकते. तेही खुलासाच आहे. जो शंका घेऊन आला त्याला हसून परत पाठवले, तर तो पुन्हा मोबाइलकडेच जाईल.

तिसरा आक्षेप शिक्क्याचा. लोक काय म्हणतील, मुलीच्या लग्नात आडवे येईल, साहेबाला कळले तर? ही भीती पोकळ नाही, आणि जो ती हसण्यावारी नेतो त्याला आपला समाज ठाऊक नाही. म्हणून कळणे आणि सांगणे हे निर्णय वेगळे ठेवावेत. निदान स्वतःपुरते ठेवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि कुणाला कधी सांगायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. पण एक लक्षात घ्या: शिक्का नाही असे कुठे आहे? घुम्या, तिरसट, माणूसघाणा, शिष्ट, हे शिक्के शाळेपासूनच बसलेले असतात, आणि त्यांत प्रत्येक वेळी स्वभावाचा दोष गृहीत धरलेला असतो. निदान त्या दोषारोपाच्या जागी कारण ठेवते. मुलांसाठीही हे हिताचे आहे. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि कित्येक घरांत मुलाच्या तपासणीचा फॉर्म भरतानाच बापाला आपले बालपण दिसते. जो बाप ते मान्य करतो, त्याच्या मुलाला आपण या घरात एकटे आहोत असे वाटत नाही.

चौथा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्या मुलांना बोलता येत नाही, ज्यांच्या आयांना रात्रीची झोप नाही, त्यांच्यासाठीच तज्ज्ञ पुरत नाहीत. मग कमावत्या प्रौढांनी त्यांचा वेळ का घ्यावा? देशात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरता नाही, हे पाहता हा प्रश्न टाळता येत नाही. ज्याची गरज मोठी त्याला अग्रक्रम मिळालाच पाहिजे. पण ती मुलेही अठरा वर्षांची होणार आहेत. त्या दिवशी बालविभागाचे दार बंद होते आणि पुढे काय, हे कुणी सांगत नाही. प्रौढांचा ऑटिझम ओळखणारे डॉक्टर तयार झाले, तर त्यांचा आधार या मुलांना सर्वांत आधी लागणार आहे. शिवाय बोलू शकणारा ऑटिस्टिक प्रौढ आवाज कसा टोचतो, ठरलेला क्रम मोडला की आत काय होते, हे शब्दांत सांगू शकतो. न बोलणाऱ्या मुलाच्या आईला हे ऐकायला मिळणे ही छोटी गोष्ट नाही. दोघांची गरज एकाच रांगेत उभी करून भांडायला लावण्यात दोघांचाही तोटा आहे.

म्हणून माझे मागणे मोठे नाही. कुटुंबाने आईच्या, मावशीच्या, जुन्या शेजाऱ्यांच्या आठवणी आज लिहून ठेवाव्यात, मराठीत, जशा सांगितल्या तशा, आणि प्रगतिपुस्तके रद्दीत देऊ नयेत. डॉक्टरांनी प्रौढाची शंका धुडकावू नये. बालपणाची माहिती घेताना दुभाष्या म्हणून रुग्णाखेरीज दुसरे कुणी बसवावे. प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळांनी मुलांची मोजपट्टी प्रौढाला लावताना त्याने शिकून घेतलेले झाकणे हिशेबात धरावे, आणि टक्का कमी भरला तरी निदान लेखी द्यावे. या वयात कशाला, असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर आहे, की चाळिशीच्या माणसापुढे अजून तीस-चाळीस वर्षे असतात. ती स्वतःला दोष देत काढायची की स्वतःला ओळखून काढायची, हे ठरवण्याची संधी त्याला मिळायला हवी. लहानपणी ती मिळाली नाही, यात त्याचा काहीच अपराध नव्हता.